धर्माचं शिक्षण

कार्तिक लागला की आमच्या आसगावची हवा बदलते. हलकं धान कापून झालेलं असतं, बांध्यांमधलं पाणी आटून चिखलाला भेगा पडायला लागतात, आणि कापलेल्या धानाच्या बुडख्यांमधून लाखोरीची कोवळी पानं वर डोकावतात. खळ्यावरच्या ओलसर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास गावभर पसरतो. या वासानं लोकांना भूक लागते. नव्या तांदळाचा भात, जरासा चिकटच, त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण! मला मात्र हा वास आला की लाज वाटते. हसू नका. वासाची लाज वाटणारा माणूस पाहिला नसेल, तर आता पाहून घ्या.

यंदाही तेच झालं. अड्याळहून बसनं आसगावला उतरलो, पाय ओढत पांदणीला लागलो, आणि पहिल्याच खळ्यापाशी तो वास नाकात शिरला. मी अड्याळच्या एका शाळेत मराठी शिकवतो. पोरांना निबंध लिहायला सांगतो, ‘माझा आवडता ऋतू’. पोरं पावसाळा लिहितात, हिवाळा लिहितात. मला कोणी विचारलं असतं तर मी लिहिलं असतं, नावडता ऋतू, धानकापणी. पण मास्तराला कोण विचारतं?

आधी एका शब्दाचं सांगतो, कारण सगळी गोची त्या शब्दानंच केली. मी फौजेत होतो. तिथून पायाला दुखापत होऊन घरी आलो, तेव्हा सरकारनं सवलत दिली की पुढचं शिक्षण घ्या, खर्च आमचा. भंडाऱ्याच्या कचेरीतला साहेब भला माणूस. म्हणाला, “वायरमन व्हा, टायपिंग शिका, पोटापाण्याचं काही तरी पाहा.” मी आधी बी.ए. केलं आणि मग नागपूरला एम.ए.ला नाव घातलं, विषय धर्म आणि तत्त्वज्ञान. साहेबानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, आणि सही केली.

एकदा अड्याळच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानदारानं हटकलं.

“काय शिकून राहिला गा, वासुदेव?”

“धर्माचं.”

“फीस किती पडते?”

“फीस नाही. सरकार देते.”

“म्हंजे धर्माचंच म्हन ना!” तो असा हसला की तोलायचं तराजूच डुगडुगलं. “म्या इचारलं काय शिकतो, तं तू सांगते कसं शिकतो.”

आता ‘धर्माचं’ म्हणजे देवाधर्माचं आणि ‘धर्माचं’ म्हणजे फुकटचं, दान म्हणून दिलेलं, हे मराठीला कोणी एकत्र बांधून दिलं देव जाणे. पण गावात तेव्हापासून तेच चालू झालं. वासू धर्माचं शिकतो. धर्माचं खातो, धर्माचं राहातो. माझा बाप तर स्पष्टच म्हणाला, “सरकार पैसा देऊन राहिलं अन् तू देव शिकून राहिला? देव शिकाले पैसा लागते का, लेका?” मग म्हणाला, “जाऊ दे. धर्माच्या गायीचे दात मोजू नये.” ती गाय मीच होतो, हे त्याला म्हणायचं होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

आणि पायाचं म्हणाल तर तिथंही लाजच. लढाईच्या दिवसांत दुखापत झाली हे खरं, पण गोळी नाही लागली. रसदीचा ट्रक डोंगरातल्या रस्त्यावरून घसरला आणि आत भरलेली कांद्याची पोती माझ्या अंगावर आली. ड्रायव्हर जागीच गेला. मी मागं पोत्यांत बसलो होतो म्हणून वाचलो. गावात शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मी उभा राहून म्हणालो, “मी लढलो नाही हो, माझ्यावर कांदे पडले.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, पाहा, एवढं करूनही माणूस किती नम्र आहे! खरं बोलून खोटारडं ठरलेले पुष्कळ पाहिले, खरं बोलून थोर ठरलेला मी एकटाच असेन.

तो ड्रायव्हर का गेला आणि मी का राहिलो, हे मी इस्पितळात आमच्या पंडितजींना विचारलं होतं. फौजेत पंडितजी असतात. वर्दी घालतात, सणावाराला पूजा सांगतात, जखमींच्या खाटेपाशी येऊन बसतात. हे पंडितजी उत्तरेकडचे, म्हातारे, भुवयासुद्धा पांढऱ्या. ते म्हणाले, “बेटा, मेरे पास जवाब नहीं है। पढ़ो। मिल जाए तो मुझे भी बताना।” त्या बोलण्यावर मी पुढचं सगळं शिक्षण केलं. आता वाटतं, त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल आणि मी हुकूम समजलो. फौजी अक्कल, दुसरं काय!

भरतीला मी एकटा गेलो नव्हतो. शालिक आणि मी एकाच सायकलवर भंडाऱ्याला गेलो होतो. शालिक म्हणजे गावातल्या पार्बतामायचा एकुलता एक मुलगा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार व्हायची, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, त्यात हा बाईचं काम करायचा आणि असा नाचायचा की परगावची माणसं विचारायची, पोरगी कोणाची? जेवायला बसला की त्याला भांड्याच्या बुडाची खरवड लागायची. भात राहू दे, वरण राहू दे, आधी खरवड. त्यावरून त्याची आणि देवकावहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात भांडणं झाली होती, कारण खरवड तिलाही आवडायची. एकच उन्हाळा त्यांचा संसार झाला. भरतीत आम्हाला वेगवेगळ्या पलटणीत टाकलं. माझ्यावर कांदे पडले आणि शालिक लापता झाला.

सरकारकडून एवढंच कळलं, लापता. गावात तो शब्द कोणाला नीट माहीत नव्हता. पारावर चर्चा झाली, आणि कोणी तरी पार्बतामायला समजावून सांगितलं की लापता म्हणजे पत्ता नाही.

“पत्ता नाही तं काय झालं?” पार्बतामाय म्हणाली. “त्याले आपल्या घरचा पत्ता मालूम हाये ना!”



आमच्याकडे नवं खायचा एक दिवस असतो. नव्या तांदळाचा पहिला भात त्या दिवशी शिजतो. आधी घरच्या गेलेल्यांची पानं वाढायची, ती बाहेर नेऊन कवेलांवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, ठेवायची. कावळा शिवला की मग घरातली माणसं बसतात. जो जिवंत आहे पण गावाबाहेर आहे, त्याचंही पान आत, पंगतीतच वाढायचं. म्हणजे आतलं पान जित्यांचं, बाहेरचं पान मेलेल्यांचं. पार्बतामाय शालिकचं पान दरसाल आत वाढायची. पळसाच्या पत्रावळीवर भात, वरण, उडदाचा वडा आणि वर खरवड. देवकावहिनी त्या पानाच्या शेजारी बसून जेवायची आणि त्या खरवडीला हात लावायची नाही.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो. नवं खायच्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. पार्बतामायच्या अंगणात चारदोन जाणती माणसं बसली होती, आणि देवकावहिनीचा भाऊ तुकाराम आला होता. शहापूरचा एक माणूस होता, बायको वारलेली, सडकेवर किराणा दुकान, स्वभावानं गरीब. त्याच्याशी बहिणीचा पाट लावून द्यावा असं तुकारामच्या मनात होतं. आमच्यात पाट लागतात, त्यात वावगं काही नाही. पण नवऱ्याचं पान आत असताना बाईचा पाट लागणार कसा? पान बाहेर जायला हवं. आणि पार्बतामाय म्हणत होती, “मी नाही म्हनत नाही. पन शास्तरात काय हाये ते वासूले इचारा. तो धर्माचं शिकून राहिला. तो म्हनन तसं.”

खोटं कशाला बोलू, निघताना मी खुशीत होतो. धुतलेला सदरा घातला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. गावानं पहिल्यांदा माझ्या शिक्षणाची ‘फुकटचं’ सोडून दुसऱ्या अर्थानं दखल घेतली होती. मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. शास्त्र मला पाठच होतं. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. पळस तर आमच्या धुऱ्याधुऱ्यावर. सगळं जिभेच्या टोकावर तयार होतं.

मग माझं लक्ष आत गेलं. स्वयंपाकघराच्या दारात देवकावहिनी नवा तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच थांबलं होतं. ती माझ्याकडे पाहात नव्हती, सुपातल्या तांदळाकडे पाहात होती. बाईचं वय तरी काय होतं! मी ‘बारा’ म्हणालो असतो तर तिची उरलेली सगळी जवानी त्या एका शब्दात गेली असती. आणि बारा नाही म्हणावं तर कशाच्या आधारावर? मी घसा खाकरून सुरुवात केली.

“तसं पाहिलं तर यावर दोन मतं आहेत...”

“कोनती?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

आणि मी थांबलो. दुसरं मत मला आठवेना. ते होतं की नव्हतं तेही आठवेना. माणसं वाट पाहात होती, तुकाराम वाट पाहात होता, ते सूप वाट पाहात होतं. सरकारनं खर्च केला, बापानं ऐकून घेतलं, पंडितजींनी आशीर्वाद दिला, आणि ऐन वेळी हा पालथा घडा! मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी तरी हळूच म्हणालं, “धर्माचंच शिकला वाटते.” त्यातला कोणता अर्थ होता ते सांगायला नको.

पार्बतामाय उठली. “चाल माह्यासंग मांगं,” म्हणाली आणि मला घरामागं गोठ्यापाशी घेऊन गेली. तिथं तणसाचा नवा ढीग रचलेला होता. तोच हा वास.

“काय हाये शास्तरात?” तिनं विचारलं.

मी बारा वर्षांचं सांगितलं, पुतळ्याचं सांगितलं.

“बारा साल?” ती म्हणाली. “तवरिक केस पिकतीन तिचे.” मग, “अन् दुसरं मत काय?”

“दुसरं... सापडलं नाही मले, माय.”

“एवढं शिकून?”

तिनं ढिगातली एक काडी ओढली आणि ती मोडत उभी राहिली. ती रडत नव्हती. भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात बोलत होती.

“वासू, तो नाही येत. मले पयल्या सालापासून मालूम हाये. पन मायच्या तोंडातून ‘बाहेर ठेवा’ कसं निघन रे? नाही निघत. लय डाव म्हनून पाह्यलं, एकटीनं, चुलीपाशी. नाही निघत.” तिनं काडी टाकून दिली. “तू बोलू नको, बापा. मीच सांगतो तू म्हनला म्हनून. तू फकत नाही म्हनू नको. एवढा धरम कर माह्यावर.”

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ती अंगणात गेली. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा होतो. तिचा आवाज ऐकू आला, मोठ्यानं, भांडल्यासारखा.

“वासू म्हनते, बाहेर ठेवा!”

मी अंगणात आलो तेव्हा सगळे माझ्याकडे पाहात होते. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तो मघाचा म्हाताराच म्हणाला, “धर्माचं शिकला बाप्पा, खेळ नोहे.” तुकारामनं वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि तोही नेमका कांद्यांनी मोडलेल्या पायाला. आत सूप पुन्हा हलायला लागलं. देवकावहिनीनं एकदाच वर पाहिलं, आणि त्या नजरेत उपकारांची एवढी जाणीव होती की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला काय माहीत, या माणसाच्या तोंडात तिच्यासाठी बारा वर्षं तयार होती.

पान वाढलं गेलं. पार्बतामायनं स्वतः कवेलांवर ठेवलं आणि सगळे दूर उभे राहिले. कावळा यायला वेळ लागतो, कधी कधी तासतासभर मिनत्या कराव्या लागतात. तो लगेच आला. भाताला नाही, वड्याला नाही, सरळ खरवडीचा तुकडा उचलला आणि चिंचेवर जाऊन बसला.

“पाह्यलं? खरवडच उचलली,” पार्बतामाय म्हणाली आणि जागच्या जागी खाली बसली. देवकावहिनीनं येऊन तिला मागून मिठी घातली. त्या दोघी अशा रडल्या की मोठमोठी माणसं अंगणातून उठून गेली. मीही गेलो. जेवायला थांबलो नाही.

पुढं परीक्षेत नेमका त्याच विषयावर प्रश्न आला. परागंदा व्यक्तीच्या और्ध्वदेहिकाविषयी चर्चा करा. मी धो धो लिहिलं. दुसरं मत होतं, ते पुस्तकात मला नंतर सापडलं होतं. तिसरंही होतं. मार्क चांगले पडले. त्या मार्कांचे पेढे मी गावात वाटले नाहीत. घरच्यांना वाटलं मी अजून नम्रच आहे.

पंडितजींसारखं पलटणीत जाण्याचं मनात होतं, पण पायामुळं ते झालं नाही. कीर्तनाला गळा नाही. मास्तरकी मिळाली, बरं झालं. गावातले लोक मात्र विचारायला येतच राहिले. वास्तूचं विचारायचे, सुतकाचं विचारायचे, एकानं तर म्हैस कोणत्या वारी घ्यावी तेही विचारलं. त्यांच्या दृष्टीनं मी एकदा निवाडा दिलेला माणूस. मी हात जोडून परत पाठवायचो. लोक म्हणायचे, पाहा, विद्येचा गर्व नाही.

कधी कामानं नागपूरला गेलो तर परतीची बस शहापूरवरून यायची. तिथं बस थांबली की मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायचो. पण एकदा देवकावहिनीनं मला गाठलंच. दुकानातून धावत आली, कडेवर पोरगी, हातात नव्या तांदळाचं गाठोडं. खिडकीतून ते आत ढकललं.

“घ्या भाऊजी. तुमच्या एका शब्दानं झालं हे सारं.”

“वहिनी, मी काहीच बोललो नव्हतो. खरंच सांगतो.”

ती हसली. अंगानं भरली होती, छान दिसत होती. “तुमचं असंच असते,” म्हणाली. “टरकाचंही तुमी असंच सांगता.”

बस निघाली. गाठोडं मांडीवर ठेवून मी आसगावपर्यंत बसून होतो. खरं सांगायची माझी जागाच राहिली नव्हती. एकच माणूस होतं जगात, ज्याला ठाऊक होतं की त्या दिवशी माझ्या तोंडून काही निघालं नव्हतं. पार्बतामाय. आणि ती त्या विषयावर कधी बोलत नसे. मी गेलो की नुसती म्हणायची, “ये, बापा,” आणि आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. मला त्यातही एक आधार वाटायचा. सगळ्या गावात निदान एका माणसासमोर मी खोटा मोठा नव्हतो.

यंदा नवं खायच्या दिवशी तिच्याकडेच गेलो. आता तिला दिसत नाही. पुतण्याचं कुटुंब तिच्याजवळ राहातं, सून चांगली आहे. पानं वाढली, बाहेरची बाहेर गेली. पार्बतामाय बाजेवर बसली होती. माझ्या पायाचा फरफटता आवाज तिनं ओळखला.

“वासू होय?”

“हो, माय.”

“इकडं ये.” मी जवळ गेलो. तिनं माझं मनगट धरलं. हातात अजून जोर होता. “तूनंच म्हनलं होतं ना, बाहेर ठेवा?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“माह्या पोराले घराबाहेर काढलं तूनं,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “जिता असला तं? आला असता अन् आपलं पान कवेलावर पाह्यलं असतं तं? काय म्हनला असता मले? माय अशी असते का?”

“बुढी, आता कायले काढता ते?” पुतण्या मधे पडला. मला म्हणाला, “मनावर घेऊ नका, मास्तर. आजकाल असंच करते. दिवसभर तेच.”

ती विसरली होती. गोठा विसरली, ती तणसाची काडी विसरली. तिच्याजवळ आता एवढंच उरलं होतं की कोणी तरी ‘बाहेर’ म्हणालं होतं, आणि तो वासू होता. तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती माझं मनगट सोडत नव्हती. काय करणार होतो? सांगू, की माय, तूच म्हणालीस? एवढी वर्षं मला जे खरं कोणाला तरी सांगायचं होतं, ते ऐकणारं माणूस समोर होतं, आणि ते तिला सांगणं म्हणजे तिच्याच हातानं तिचं पोरगं बाहेर ठेववणं.

“हो माय,” मी म्हणालो. “मीनंच म्हनलं होतं.”

“शास्तरात होतं ना?”

“होतं.”

“पक्कं?”

“पक्कं. दुसरं मतच नव्हतं.”

तिची पकड ढिली झाली. पदरानं तिनं डोळे पुसले, नाक पुसलं. मग सुनेकडे तोंड करून म्हणाली, “वाढ वो याले. खरवड दे याच्या पानात. धर्माचं शिकलेलं पोरगं हाये.”

मी पंगतीत बसलो. सुनेनं भांडं खरवडून तो लालसर, करपट तुकडा माझ्या पत्रावळीवर टाकला. बाहेर कवेलांवर कावळे ओरडत होते. मी मान खाली घालून खरवड खाल्ली, सगळी, तिला दाताखालचा आवाज ऐकू जाईल अशी.